काजूचं फाटक

त्या फाटकाची केस आठवली की आजही माझी मान ताठ होते. नोकरीत दरोडे पाहिले, खून पाहिले, पण मिशीला पीळ द्यावा अशी केस म्हणाल तर हीच.

शिमग्याचे दिवस होते. सकाळी आमच्या पोलीस ठाण्यात देवगडकडच्या गावातले एक गृहस्थ आले. उभी हयात बोटीवर काढून निवृत्त झालेले. नाव सांगत नाही, फिर्यादी म्हणू. त्यांच्या जुन्या बागेचं लोखंडी फाटक चोरीला गेलं होतं. आमचे हवालदार हसले. शिमग्यात पोरं लाकडं पळवतात, कुणाचं कुंपण उचलतात, चार दिवसांनी सगळं विसरलं जातं. मी म्हटलं, "हवालदार, होळीत लोखंड जळतं होय? लिहून घ्या एफआयआर."

फाटक साधं नव्हतं. फिर्यादींच्या पणजोबांनी गोव्याहून शिडाच्या मचव्यातून लोखंड आणलं, तिथलाच लोहार आणला आणि अंगणात भट्टी लावून ते घडवून घेतलं. दोन पल्ले, आणि त्यांवर फुलांऐवजी काजू आणि काजूची पानं. पुढे बागेवरून दोन चुलत घरांत वाकडं आलं. कुणीतरी फाटकाला साखळी घातली, ती तशीच गंजली. ग्रामदेवतेची पालखी दरवर्षी शिमग्यात फाटकापर्यंत यायची आणि बाहेरूनच पुढे जायची.

फिर्यादी बोटीवर जन्मभर हातोडीने गंज खरवडत आले होते. घरी परतल्यावर त्यांनी तेच हत्यार फाटकाला लावलं. अख्खा पावसाळा ठोकून ठोकून गंज काढला. चुलतभाऊ रस्त्यावरून बघत होता. एके दिवशी तो आपणहून आला आणि त्याने साखळी कापून दिली. त्याचं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप होतं. दोन घरं पुन्हा बोलू लागली. यंदा पालखी आत घ्यायची ठरलं. शेवटचा रंग द्यायला पल्ले बिजागऱ्यांवरून उतरवून अंगणात ठेवले होते, तेच गेले.

संशय कुणावर, असं विचारताच फिर्यादींनी खाली बघत सांगितलं, "तेणाच नेल्यान, साहेब. अवजारां तेच्याकडे, टेम्पो तेच्याकडे." चुलतभावावर. मला वाईट वाटलं. चोराने फाटकाबरोबर सलोखाही उचलला होता आणि पालखी तर तोंडावर आली होती. चुलतभावाला बोलावलं, तर तो आला आणि बाकावर बसला. तपास लागेपर्यंत उठणार नाही म्हणाला. गुन्हेगार असा बसत नाही. गुन्हेगाराला घरी जायची घाई असते.

सीसीटीव्हीत शिमग्याच्या गर्दीतले पन्नास टेम्पो दिसत होते. त्यातून काय कप्पाळ कळणार? महामार्गावर चौकशी करत आम्ही कसालला चहाला थांबलो. टपरीवालीला सहज विचारलं, इकडून वेगळी अशी गाडी गेली का? तिने सांगितलं, ओळखीचा एक ड्रायव्हर आंब्याच्या पेट्या घेऊन मालवणच्या रस्त्याला वळला. देवगडचा आंबा मुंबईला जातो, समुद्राकडे कशाला जाईल? आणि वर म्हणाली, "हापूसची गाडी आनी वास नाय? माका नाक नाय काय, साहेबानूं?"

ड्रायव्हरला ठाण्यात आणलं. गडी तयारीत होता. अगदी शाळेतल्यासारखं शुद्ध मराठी: "साहेब, मी आंब्याच्या पेट्या तारकर्लीच्या रिसॉर्टवर पोहोचवल्या." दहा वेळा विचारलं, दहा वेळा तेच वाक्य. पाठ केलेलं वाक्य मारून तुटत नाही, त्यासाठी माणसाला घरी न्यावं लागतं. मी चहा मागवला आणि मालवणीत शिरलो. गाव खंयचा, यंदा मोहोर कसो होतो, नाटक खंय बघलंस. तो सैलावला. मग मी तसंच हळहळत विचारलं, "एवढ्यो पेट्यो एकट्यानच उतरवलंस रे?"

तो म्हणाला, "एकट्यान खंय जमता, साहेब? जड होतो तो. चौघांनी मिळान उचललो."

मी कप खाली ठेवला. आमच्या बोलीत पेटी उचलली, पेट्यो उचलल्यो, आंबे उचलले. उचललो म्हणजे शुद्ध भाषेतलं उचलला; तसं म्हटलं की तो पुरुषच, आणि एकटाच. मी विचारलं, "पेटी ती, आंबे ते. मग उचललो तो कोण रे?"

त्याने मान खाली घातली. शेवटी पुटपुटला, "पल्लो." फाटकाचा पल्ला. अशुद्ध बोलतात म्हणून आमच्या लोकांना हसणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

पुढचं भराभर बाहेर आलं. रिसॉर्टवाला आधी फाटक विकत मागायला आला होता, फिर्यादींनी त्याला हाकललं होतं. दोन घरांचं जुनं वैर त्याला ठाऊक होतं. आळ भावावर जाईल, हा त्याचा हिशेब. आम्ही तारकर्ली गाठली तेव्हा झावळ्यांखालून काढलेल्या पल्ल्यांवर ग्रायंडर चालू होता. नव्या कमानीत बसावं म्हणून वरचा एक काजू कापलासुद्धा होता. पंचांसमोर पंचनामा केला, मुद्देमाल जप्त, रिसॉर्टवाला गाडीत. इतक्या आनंदाने मी कुणाला क्वचितच गाडीत बसवलं असेल.

ठाण्यात फिर्यादी चुलतभावासमोर उभे राहिले. हातात तो तुटका काजू. डोळे भरले. चुलतभावाने बाकावरूनच हात पुढे केला. "मोडलेलो काजू दी हयसर. मी जोडतंय."

मुद्देमाल परत मिळायला कोर्टाचा आदेश लागतो. मी तातडीने अहवाल दिला, डागडुजीची परवानगीही मागितली; कोर्टाने दोन्ही दिलं. सुपूर्तनाम्यात, म्हणजे माल परत ताब्यात घेतल्याच्या कागदात, मालकाचं नाव लिहायची वेळ आली तेव्हा फिर्यादींनी लेखणी थांबवली आणि भावालाही सही करायला लावली. केस संपेपर्यंत फाटक विकायचं नाही, मोडायचं नाही, बदलायचं नाही, अशी अट होती. पालखीच्या दिवशी एक पल्ला एकाने धरला, दुसरा दुसऱ्याने. ढोल वाजले आणि पालखी थेट अंगणात आली. मी वर्दीत होतो, तरी नाचलो. वरिष्ठांना कळलं असतं तर जाब द्यावा लागला असता.

या केसने मला शिकवलं ते एवढंच: माणूस खोटं पाठ करतो ते परक्या भाषेत, आपल्या बोलीत त्याची जीभ त्याचं ऐकत नाही. नंतर बदलून आलेल्या प्रत्येक पोराला मी आधी मालवणी शिकायला लावली.

केस कधीच संपली, शिक्षाही झाली. कोर्टाची अट आता लागू नाही. तरी देवगडला जाताना मी गाडी थांबवतो आणि ते फाटक हाताने ढकलून बघतो. जोडलेला काजू हाताला लागतो. साखळी नसते.