राखीव वाट

पुंडलिकनगरहून शेंद्र्याला जाणाऱ्या बसमध्ये ती रोज माझ्या शेजारी असायची. नाव मी कधी विचारलं नाही. दर थोड्या वेळानं ती फोन काढायची, नुसती रेंज बघायची आणि परत पर्समध्ये ठेवायची.

एकदा मी विचारलं, “कुणाचा फोन यायचाय का?”

“नाय. सवय लागली.”

मग तिनं सांगितलं. ती एका फोन कंपनीत राखीव मार्ग सांभाळायची. मुख्य केबल तुटली की कॉल आपोआप त्या मार्गानं वळतात; एरवी तो रिकामाच पडून असतो. अजिंठ्याकडच्या गावांचा असा मार्ग साहेबांनी तिला काढून टाकायला लावला.

“लई दिवस वापर नाय, उगं जागा अडवतो, म्हणले. मी नको म्हणलं, आन् शेवटी मीच काढला.”

काही दिवसांत रस्त्याच्या खोदकामात तिकडची मुख्य केबल तुटली. त्याच सकाळी त्याच भागातल्या तिच्या गावी वडिलांना अर्धांगाचा झटका आला. आई दुपारपर्यंत फोन लावत राहिली. ना लेकीला लागला, ना अ‍ॅम्ब्युलन्सला. वडील वाचले, पण उजवा हात आणि वाचा गेली.

“साहेब काय म्हणाले?”

“रजा दिली की! आल्यावर म्हणले, उरलेले रिकामे मार्गही काढून टाका.” ती हसली. ते हसू मला बघवलं नाही.

“आणि आई?”

“आईला यातलं काय ठावं? ती अजून त्या खोदणाऱ्याला शिव्या घालती.” तिनं खिडकीबाहेर पाहिलं. “मी पण घालते, तिच्यासंगं.”