वजनाला हलकं

आमच्या साडूंना कारखान्यात सगळे 'गुंजभर' म्हणत. माणूस चांगला थोराड, पण इंजिनातून गुंजभर धातू कमी करता आला तर दिवस सार्थकी लागायचा. घरीही तेच. नव्या पट्ट्याचं लोंबतं टोक त्यांनी कापून टाकलं, पुढे पोट सुटलं आणि पट्टा पुरेना. मेव्हणी म्हणाली, "आता पोटही कातून आणा कारखान्यातून."

तर एका छोट्या गाडीसाठी त्यांनी दोन सिलिंडरचं, ॲल्युमिनियमचं इंजिन आखलं. केस पिकले त्यात. भिंती पातळ केल्या, बोल्ट कमी केले, पंपाचं झाकण पुन्हा पुन्हा ओतून घेतलं. चाचणीला गाडी चढावर अशी पळाली की फोरमन हसतच सुटला. कंपनीची अट एवढीच, की पहिल्या वर्षी गाडी खपली पाहिजे. नाही खपली तर त्याच गाडीत जुनं, जड, बिडाचं इंजिन बसणार.

विक्रीवाल्याने जाहिरातीची पाटी दाखवायला आणली : 'वजनाला हलकं इंजिन'. साडूंनी पेन्सिल घेऊन पहिला शब्द खोडला.

"साहेब, राहू द्या हो तो."

"हलकं म्हटलं की वजन आलंच. माझ्या इंजिनात जास्तीचा स्क्रू नाही, मग पाटीवर जास्तीचा शब्द कशाला वाहायचा?"

विक्री सुरू झाली तेव्हा शोरूममध्ये मी त्यांच्याबरोबर होतो. एका गृहस्थांनी पाटी मोठ्याने वाचली, "हलकं इंजिन." त्यांची बायको म्हणाली, "चला पुढे. तुमच्या बहिणीला आयतं कोलीत मिळेल, हलक्यातली गाडी घेतली म्हणून."

साडू धावले. "अहो ताई, वजनाला हलकं."

"तेच ते," बाई म्हणाल्या.

पुढे पाट्यांवर 'वजनाला' चिकटवलंही, पण तोवर गाडीला 'हलकी' असं नाव पडून गेलं होतं. वर्ष सरलं आणि बिडाचं धूड आत बसलं. ते पेलावं म्हणून पुढचा सांगाडा जाड करायचा होता. ते काम कुणाला दिलं? साडूंनाच. नवी पाटी आली : 'भारी इंजिन'. गाडी धडाधड खपू लागली.

त्यांच्या जावयानेही घेतली. दारात उभी करून म्हणाला, "बाबा, बघा तरी, काय भारी आहे."

साडूंनी बॉनेट उचललं, आत पाहिलं, अलगद खाली ठेवलं.

"हो," म्हणाले, "भारीच आहे."

आणि हात धुवायला गेले ते बराच वेळ आले नाहीत.