गाडी बंद पडली नव्हती

इंजिन ऑइलमध्ये टाकायची ‘ताकदी’ची बाटली विकत घेताना, ती नेमका कोणता आजार बरा करते हे तुम्ही दुकानदाराला कधी विचारलंत का?

मी सैन्यात गाड्या दुरुस्त करायचो. ईएमई या सैन्याच्या दुरुस्ती शाखेत व्हेईकल मेकॅनिक, रँक नाईक. घर गोंदियाला लागून, मुर्रीत. शेवटचं पोस्टिंग अरुणाचलमध्ये, एका ट्रान्सपोर्ट युनिटबरोबर. गुडघा कामातून गेला म्हणून वेळेआधी घरी आलो.

डोंगरातला आमचा दिवस फर्स्ट परेडने सुरू व्हायचा. ही परेड माणसांची नाही, गाड्यांची. इंजिन थंड असताना बॉनेट उघडायचं, डिपस्टिक ओढून ऑइलची पातळी बघायची. मग पाणी, बेल्ट, टायर, ब्रेक. सगळं ठीक असेल तरच गाडी गेटबाहेर जायची.

तीन नंबरचा ट्रक लान्स नाईक टेकचंदकडे होता. आमच्याच जिल्ह्यातल्या बोदलकशाच्या तलावाजवळच्या गावचा, धानाच्या शेतकऱ्याचा एकुलता एक मुलगा. युनिटमध्ये सगळा कारभार हिंदीत. आम्ही दोघं मात्र बॉनेटखाली डोकं घातलं की गावाकडचं बोलायचो.

एकदा रजेवरून परतताना त्याने एक चकचकीत बाटली आणली.

“हे काय होय?” मी विचारलं.

“बाबूजीनं देल्लं. ट्रक पहाड चढते, त्याले ताकद पायजे म्हणे.”

“आन तुले काय देल्लं?”

“मले लाडू. ट्रकले लाडू चालत नाही ना.”

मी बाटली उलटसुलट करून पाहिली. आत काय आहे, किती आहे, कोणत्या ऑइलबरोबर चालतं, काहीच लिहिलेलं नव्हतं. एक धावता घोडा तेवढा छापला होता.

“टाकायची नाही,” मी म्हणालो.

“सरकारी गाडी म्हणून?”

“घरची असती तरी नाही.”

कारण सांगितलं, तेच तुम्हालाही सांगतो. चांगल्या इंजिन ऑइलमध्ये झीज रोखणारी, काजळी धुणारी, फेस मारणारी द्रव्यं कंपनीनेच मोजून घातलेली असतात. त्यात वरून दुसरं काही ओतलं की ते माप बिघडू शकतं. ऑइल घट्ट करणारी बाटली असेल तर थंडीत आणखी वाईट, कारण सकाळी स्टार्टर मारल्यावर ऑइल वरपर्यंत पोचायला उशीर होतो आणि तेवढा वेळ लोखंड लोखंडावर घासतं. काही बाटल्यांचा उपयोग होतो, हेही खरं. जुनं इंजिन ऑइल पीत असेल, सील पाझरत असेल, तर थोडे दिवस निभावतं. पण तो दुखण्यावरचा फडका आहे. निरोगी इंजिनला त्याची गरज नसते.

“मंग बाबूजीले काय सांगू?”

“सांग, मेकॅनिक नाही म्हणते.”

“तुले शिव्या देईल तो.”

“देऊ दे. आन हे फेकून दे.”

“बापानं देल्ली होय. फेकू कशी?” असं म्हणून त्याने ती आपल्या पेटीत ठेवली.

पुढच्या पावसाळ्यात आमचा कॉन्व्हॉय राशन घेऊन वर निघाला. फर्स्ट परेडला तीन नंबर मी स्वतः तपासला होता. कुठलाही दोष नव्हता. टेकचंदच्या ट्रकमध्ये मागे तीन जवान बसले होते. मी सगळ्यात शेवटी, बंद पडलेल्या गाड्या ओढणाऱ्या रिकव्हरी गाडीत. सकाळी दहाच्या सुमारास चढावर दगड सुटायला लागले. पुढच्या दोन गाड्या निघून गेल्या. रेडिओवर कॉन्व्हॉय कमांडरचा आवाज आला.

“तीन, रुको. ऊपर से पत्थर. ओव्हर.”

“रुक गया. जवान उतार रहा हूँ. ओव्हर.”

“तू भी उतर. गाड़ी छोड़.”

“ब्रेक छोड़ा तो गाड़ी पीछे जाएगी. दो उतर गए. एक बाकी.”

भरलेला ट्रक तसल्या चढावर नुसत्या हँडब्रेकवर थांबत नाही. जवान मागच्या बाजूने उतरत होते. टेकचंदने पाय उचलला असता तर ट्रक त्यांच्याच अंगावर गेला असता. त्याने पाय उचलला नाही. तिसरा जवान रस्त्याच्या कडेला पोचला आणि दरड केबिनवर आली.

आम्ही धावत गेलो. दगडांनी ट्रक जागच्या जागी अडकला होता. इंजिन चालू होतं. फुटलेल्या काचेतून हात घालून मी स्टॉपची मूठ ओढली, तेव्हा ते बंद झालं. टेकचंद गेला होता.

घरी परतल्यावर मी त्याच्या गावी गेलो. अंगणात एक छोटी कार उभी होती. टेकचंदने आईबाबांना तालुक्याला जायला घेऊन दिलेली. त्याची आई पाणी देऊन दारात बसली. बाबूजी खाटेवरून उठले नाहीत.

“टाकू नको म्हणणारा मेकॅनिक तूच ना?”

“होय बाबूजी. मीच.”

“त्याची पेटी आली. बाटली तशीच. झाकणसुदा फोडलं नवतं.” ते खाली बघत होते. “गाडी चढावर बंद पडली, म्हणून मेला माहा पोरगा. दुकानवाला म्हणे, टाकली असती तं बंद पडली नसती. म्या फोनवर जोर काऊन नाही केला?”

म्हणजे हा बाप इतके महिने स्वतःलाच गुन्हेगार ठरवून बसला होता. ऑइल विकणाऱ्याने बाटलीबरोबर हे वाक्यही विकलं होतं. आईने सांगितलं, तेव्हापासून बाबूजी दर एक-दोन महिन्यांनी मुलाने दिलेल्या कारच्या इंजिनात एकेक बाटली ओतत होते. त्या दुकानदाराला जाऊन गाठावंसं वाटलं. पण समोर बाबूजी होते, दुकानदार नव्हता.

“बाबूजी, गाडी बंद पडली नवती. त्यानं थांबवली. मागं तीन पोरं उतरून राहिली होती, म्हणून त्यानं ब्रेकवरचा पाय काढला नाही. दरड पडल्यावरही इंजिन चालू होतं. म्या ह्या हातानं बंद केलं.”

“मले समजावाले खोटं बोलून राहिला का?”

“खोटं बोलाचं असतं तं तो मेकॅनिक मी नाही म्हटलं असतं.”

त्यांनी माझ्या हाताकडे पाहिलं. मग विचारलं, “ते तिघं?”

“तिघंही हायेत. एकाले मंग पोरगी झाली.”

दारातून आई म्हणाली, “पोरगी झाली म्हणे, आयकलं का?” बाबूजींनी मान हलवली आणि गमछा डोळ्यांना लावला.

त्या दुपारी मी कारचं बॉनेट उघडलं. डिपस्टिकवर ऑइल खुणेच्या बोटभर वर, चिकट आणि फेसाळ. जास्त भरलं की इंजिनात फिरणारा क्रँकचा दांडा ते घुसळतो, फेस होतो, आणि फेसाने बेअरिंग वाचत नाही. सगळं काढलं, फिल्टर बदलला, गाडीच्या पुस्तिकेत लिहिलेल्या ग्रेडचं ऑइल आणलं. ते बाबूजींनी स्वतःच्या हाताने ओतलं. मी “बस” म्हणालो, तिथे थांबले. इंजिन सुरू झालं, ऑइलचा लाल दिवा विझला. आई मागच्या सीटवर बसली. “चला, टेक्याच्या गाडीत तलावापर्यंत जाऊ,” म्हणाली. तो गेल्यापासून ती त्या गाडीत बसली नव्हती.

लान्स नाईक टेकचंद, ड्रायव्हर. घाटात हॉर्न वाजवण्याआधी रस्त्यावरच्या गाईला “सरक ना बाई” म्हणणारा. तीन माणसं उतरेपर्यंत पाय न हलवणारा.

तुमच्या आसपासही असं पोरगा गमावलेलं एखादं घर असेल. तिथे कुणी आईबापांना “असं केलं असतं तर वाचला असता” म्हणताना ऐकलंत, तर त्याला तिथेच गप्प करा. आणि या आठवड्यात त्या घरी जाऊन बसा. तुमचा पोरगा कसा होता, एवढंच विचारा, आणि ते सांगतील तितका वेळ ऐका.