वरचा रुपया

माझा मामा कापड डोळ्यांनी पाहत नसे, बोटांनी पाहत असे. पेडण्याच्या बाजारातल्या त्याच्या दुकानात गठ्ठे सुटू लागले की तो मान रस्त्याकडे वळवी, अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये एखादा काठ धरी, जुई चुरगळावी तितक्या हलक्या हाताने चोळी आणि निकाल देई, "हें दोन धुण्यांत मरतलें." क्वचित, अगदी क्वचित, त्याचा चेहरा सैलावे. मग तो म्हणे, "हें लग्नाक वचत."

लग्नाला जाईल असे कापड ही त्याच्या जगातली सर्वांत वरची पायरी होती. त्या दुकानाला खळीचा, कापराचा आणि नव्या सुताचा एक कोरडा गोड वास होता. कापड फाडताना होणारा लांब, सरळ आवाज मला इतका आवडे की सुट्टीत आजोळी गेले की मी गल्ल्याजवळच्या लाकडी कदेलीवर, म्हणजे खुर्चीवर, बसून त्या आवाजाची वाट पाहत राही. मामा उंच, सावळा, कोपरापर्यंत बाह्या दुमडलेला. घर चोपड्याला, शापोरा नदीच्या काठी. त्यामुळे त्याच्या सदऱ्याला दुकानातल्या खळीखाली नदीचा खारा वासही असे. आईला तो 'बाय' म्हणे आणि मला 'चेडवा', म्हणजे पोरी.

आहेराचे शास्त्र मी त्याच्याकडून शिकले. त्या काळात आमच्या भागात लग्नानंतरचे 'रिसेप्शन' नवेच आले होते. लोक रांगेने मंचावर चढत, वधूवरांच्या हाती पाकीट ठेवत आणि थंड पेयाची बाटली घेऊन खुर्चीवर बसत. मामाला पाकिटाचा राग नव्हता. गिऱ्हाइकांच्या, ओळखीच्यांच्या लग्नात तोही पाकीटच देई. पण नात्यात पाकीट देणारा माणूस त्याला सहन होत नसे. "परक्यांक लखोटो, आपल्यांक हात," तो म्हणे. "लखोटो म्हळ्यार तोंड धांपिल्लो हात. आपल्या मनशाफुडें तोंड कित्याक धांपचें?"

एकदा सिंधुदुर्गाकडचा एक खाणकामगार दुकानात आला. डिचोलीच्या खाणीवर कामाला होता. लाल धूळ त्याच्या पापण्यांवरही बसली होती. भाचीचे लग्न होते. साड्यांचे भाव ऐकून तो मागे सरला.

"ऱ्हवांदे शेट. लखोट्यात घालून दितंय. कितके घातले ता कोणाक कळाचा नाय."

"तूं तिचो मामा न्हय रे?" मामाने विचारले. "मामान लखोटो दिलो जाल्यार त्या चेडवान कोणाक मामा म्हणचो?"

त्याने एक साधासा खण काढला, पण तो रेशमी असावा अशा निगुतीने घडी घातली. पैसे घेतले, फुकट दिले असते तर त्या माणसाचा आहेर राहिला नसता. मग मामाने त्याला थांबवून सांगितले, "आनी वयलो रुपयो विसरूं नाका. तो लखोट्यांत न्हय. भयणीच्या हातार."

हा वरचा रुपया म्हणजे मामाच्या शास्त्राचा गाभा होता. शंभरावर एक, पन्नासावर एक, असा रुपया सगळेच देतात. पूर्ण आकड्यावर व्यवहार संपतो आणि वरचा एक तो पुढे चालू ठेवतो, असे सगळेच मानतात. पण मामाच्या घराण्यात त्याची आणखी एक रीत होती. भाचीच्या लग्नात मामाने साडी द्यायची ती भाचीला आणि वरचा रुपया ठेवायचा तो बहिणीच्या उघड्या तळहातावर. मुलीची आई झालीस, उद्या आजी होशील, तरी तुझे माहेर उघडे आहे, एवढे तो रुपया सांगे. आजी-आजोबा गेल्यानंतर आईला माहेर म्हणून मामाच तेवढा उरला होता.

माझी साडी त्याने मी परकरात असतानाच ठरवून ठेवली होती. दुकानातल्या सर्वांत वरच्या फळीवर, डाव्या कोपऱ्यात, खाकी कागदात गुंडाळलेली. "ती तुजी." दोन-तीन वर्षे झाली की कागद विटे, घडीवर रेघ उमटे, मग मामा ती विकून टाकी आणि नवी पिवळी साडी त्याच जागी ठेवी. माझ्याबरोबर ती साडीही वाढत होती, असे मला वाटे.

माझे वडील आमोण्याचे. मराठी शाळेत शिक्षक. मामा आणि वडील यांची मैत्री नात्याहून जुनी असावी अशी होती. श्रावणात मामा आमच्याकडे पातोळ्या खायला येई. हळदीच्या पानांचा ओला, हिरवा सुवास ओसरीपर्यंत आलेला असे. खाली मांडवीतून खनिजाने भरलेल्या बार्जी मुरगावच्या दिशेने जड श्वास घेत जात. आणि हे दोघे जनेलापाशी, खिडकीच्या उजेडात, बसून जगातल्या सर्व गोष्टींवर मोठ्या आवाजात एकमत करीत.

मग राजभाषा मराठी की कोकणी, हा वाद आला. रस्त्यांवर झाडे आडवी पडली, बसगाड्या बंद झाल्या, आणि घराघरांत जेवणाच्या पानांवर मौन वाढले जाऊ लागले. मामा मराठीच्या बाजूचा. त्याची कीर्तने, त्याचे वर्तमानपत्र, देवासमोरची आरती, सारे मराठी. वडील, जन्मभर मराठी शिकवूनही, कोकणीच्या बाजूचे. तेव्हाही मला ते विचित्र वाटले होते: मराठीसाठी मामा कोकणीत भांडे, आणि कोकणीचे समर्थन करताना वडिलांच्या तोंडी पाठ्यपुस्तकातले मराठी शब्द येत.

त्या श्रावणात पातोळ्या नुकत्याच पानावर पडल्या होत्या. वाफ अजून निवली नव्हती.

"मास्तर, तुमी शाळेंत शिकयतात तें सगळें फट, खोटें?" मामा म्हणाला.

"आनी दादा, तुमी घरांत उलयतात तें कितें?"

"घरांत हांव अर्द्या वस्त्रार बसतां. म्हूण देवळांत तसोच वचूं?"

आई हसली. मीही हसले. वडील हसले नाहीत. ते पानाकडे पाहत म्हणाले, "दुकानदाराक भाशेचें कितें? जी गिरायकाची, ती ताची."

मामाने हातातली पातोळी पुन्हा हळदीच्या पानात गुंडाळली. कापडाची घडी घालावी तशी नीट, कडेला कड जुळवून. पान मिटून तो उठला, मागीलदारी हात धुतले आणि आईला म्हणाला, "बाय, पातोळ्यो बऱ्यो जाल्यात हां." तेवढेच. वहाणांचा आवाज पायऱ्यांवरून उतरत गेला. पळी हातात धरून उभ्या राहिलेल्या आईकडे आम्हां दोघांपैकी कोणालाही पाहवेना.

दीड-दोन वर्षांनी माझे लग्न ठरले. वडिलांनी पत्रिका कोकणीत छापली. पहिले निमंत्रण माहेरचे, म्हणून आई नारळ, सुपारी आणि अक्षता घेऊन मला बरोबर घेऊन पेडण्याला गेली. मामाने पत्रिका हात लांब करून वाचली. शेवटपर्यंत वाचली.

"मास्तरांनी छापल्या, दादा. हांवें न्हय," आई घाईने म्हणाली.

"हाडल्या तुवें न्हय?" मामा म्हणाला. त्याचा आवाज मऊ होता. "येतलों."

माझी नजर आपोआप वरच्या फळीकडे गेली. खाकी पुडी तिथे होती. परतताना फेरीबोटीत आई कठड्याला टेकून उभी राहिली, आणि कितीतरी महिन्यांनी ती स्वतःशी काहीतरी गुणगुणत होती.

लग्नाच्या सकाळी मामा आला नाही. मुहूर्त जवळ आला तशी आई मांडवाच्या तोंडापाशी जाऊन उभी राहिली; प्रत्येक धुरळ्याकडे, प्रत्येक स्कूटरच्या आवाजाकडे तिचे डोळे धावत. शेवटी भटजींनी हाक मारली. मी आईच्याच पेटीतली साडी नेसून उभी राहिले. पाठीशी मामा म्हणून आईचा एक चुलतभाऊ होता. मंगलाष्टकांत मला अक्षतांपेक्षा आईचा श्वास अधिक ऐकू येत होता.

संध्याकाळी देवळाच्या अग्रशाळेतल्या मोठ्या दालनात रिसेप्शन होते. ट्यूबलाइटच्या उजेडात चेहरे पिठासारखे पांढरे दिसत. रांग हळूहळू सरकत होती: शाळेतले शिक्षक, खाणीवरचा सुपरवायझर, शेजारी. आणि त्यांच्यामागे, परीटघडीच्या सदऱ्यात, दोन्ही बाह्या मनगटापर्यंत उतरवून बटणे लावलेला, माझा मामा. तो रांग मोडून पुढे आला नाही. आपली पाळी येईपर्यंत थांबला. माझ्यासमोर उभा राहिला आणि माझ्या हातात त्याने एक पाकीट ठेवले.

त्यावर सुवाच्य मराठी अक्षरांत त्याचे पूर्ण नाव, आडनाव आणि खाली 'पेडणे बाजार' असे लिहिले होते. मामा हा शब्द कुठेही नव्हता. कापडाने भरलेल्या दुकानाचा मालक मला कागद देत होता, हे मला त्या क्षणी नीट उमगलेही नाही. मी वाकले, त्याच्या पायांना बोटे लावली. पावलांना नदीची वाळू होती.

आईला उमगले. ती खालून मंचावर आली. माझ्या हातातले पाकीट तिने घेतले आणि त्यावरून अंगठा फिरवला, थेट मामा काठ चोळी तसा. पाकीट सपाट होते. तिने पदराची गाठ सोडली, ओटीसाठी बांधून ठेवलेल्या नाण्यांतून एक रुपया काढला आणि मामाच्या तळहातावर ठेवला.

"दादा, वयलो रुपयो रावलो तुजो. हो घे, आनी माका दी."

"रावंदी, बाय."

"ना. साडी ना जाल्यार ना. रुपयो दी." तिने आपला तळहात त्याच्यासमोर उघडा धरला.

रांग थबकली. छायाचित्रकार म्हणाला, "हांगा पळयात, हांगा," आणि दिव्याचा झोत पडला. त्या उजेडात मला मामाचा हात दिसला. नाण्याभोवती बोटे हळूहळू मिटत होती.

"मागीर दितां, बाय," तो म्हणाला, आणि मूठ तशीच मिटलेली ठेवून मंचाच्या पायऱ्या उतरला.

पुढची वर्षे आई त्या तीन शब्दांवर, नंतर देण्याच्या त्या वायद्यावर, जगली. कोणी मामाला नावे ठेवू लागले की ती म्हणे, "मागीर दितां म्हणलां ताणें. बाय म्हणलां." जणू त्या बोलण्यात एक दार किलकिले राहिले होते आणि वाऱ्याने ते लोटले जाऊ नये म्हणून तिने पाऊल मध्ये घालून ठेवले होते. पाकिटातल्या नोटा तिने देवळाच्या पेटीत टाकल्या. माझी पिवळी साडी मामाने त्याच आठवड्यात दुकानातल्या नोकराच्या मुलीला तिच्या लग्नात मामाच्या जागी उभे राहून दिली, हे कानावर आले. ती त्याला विकवली नाही, ठेववलीही नाही. मला त्या मुलीचा हेवा वाटला, आणि मामाची दयाही आली.

वडील एकदा न सांगता पेडण्याला जाऊन आले. परत आले ते हातात पुडी घेऊन. मामाने त्यांना खुर्ची दिली, चहा मागवला, सदऱ्याचे पांढरे कापड मापून दिले, बोटभर जास्तच सोडून. पैसे मोजून घेतले आणि म्हणाला, "परत येयात." गिऱ्हाइकाला म्हणतात तसे.

"कितें उलयले तुमी?" आईने विचारले.

"भाव विचारलो," वडील म्हणाले. "फुडें तोंड उगडलें ना म्हजें." ते कापड त्यांनी कधी शिवायला टाकले नाही.

मामा गेल्याचा निरोप उन्हाळ्यात आला. चोपड्याच्या ओसरीवर त्याला ठेवले होते. उदबत्तीच्या धुरातूनही नदीचा खारा वास येत होता. वडील अंगणातच थांबले, माडाला हात टेकून. आमच्याकडे जाणाऱ्या माणसावर जवळचे लोक वस्त्र घालतात. आईने पिशवीतून ते पांढरे कापड काढले, जे त्याच्याच कात्रीने कापले होते, आणि त्याच्या छातीवर पसरले. मग ती त्याच्या उजव्या हाताशी बसली. मला वाटले, ती हात हातात घेईल. तिने तसे केले नाही. त्याच्या थंड, अर्धवट मिटलेल्या बोटांखाली तिने आपला तळहात सरकवला, उताणा, आहेर घेताना धरतात तसा, आणि तशीच थांबली.

"कितें करता गो?" मामीने कुजबुजून विचारले.

"माजें घेतां."

थोड्या वेळाने तिने हात काढून घेतला, मूठ मिटली, पदराचे टोक ओढले आणि मुठीतले तिथे ठेवून गाठ मारली. मी अगदी जवळ होते. तिच्या मुठीत काही नव्हते.

परतताना फेरीबोटीत वारा होता. आईचा पदर फडफडत होता, पण गाठ तिने घट्ट धरून ठेवली होती. वडील बराच वेळ त्या गाठीकडे पाहत राहिले. मग त्यांनी, आजवर कधी ऐकला नव्हता अशा आवाजात, विचारले,

"दिलो?"

"दिलो," आई म्हणाली, आणि तिने तोंड पाण्याकडे फिरवले.