डावा पल्ला

माझ्या पुतण्याला एक वाईट खोड आहे. बाप समोर बसलेला असला तरी तो तिथे नसल्यासारखं बोलायचं. "आत्या, बाबांना आता काही कळत नाही. महिनाअखेरीस दुकान बंद करू." आणि बाबा दोन हातांच्या अंतरावर, स्टुलावर. अरे, झटका मेंदूला आला होता, कानांना नाही!

त्याचे बाबा म्हणजे दादा, माझा थोरला भाऊ. पस्तीस वर्षं शर्ट शिवतोय, सगळा रस्ता त्याला मास्तर म्हणतो. बेतणं, कापणं त्याचं, काज-बटणं माझी. चार महिन्यांपूर्वी कटिंगच्या टेबलावरच तो डाव्या अंगावर कोसळला. दवाखान्यातून आला तेव्हा पाय चालू लागला होता, हात हळूहळू येत होता. डोकं मात्र आपल्या मर्जीनं चालायचं. चहा पिऊन पाच मिनिटं झाली की विचारणार, "आज चहा नाही का?" दोघं एकदम बोलले की गोंधळून गप्प व्हायचा. पण वीस वर्षांपूर्वीच्या गिऱ्हाइकाच्या खांद्याचं माप विचारा, तोंडपाठ.

आणि डावी बाजू. ताटात डावीकडे वाढलेलं तसंच राहायचं, वर "एवढंच वाढलंस?" म्हणून माझ्यावर खेकसायचा. डोळे तपासून झाले, डोळ्यांत काही नव्हतं. डोकंच त्या बाजूची दखल घेत नव्हतं. व्यायाम घेणाऱ्या बाईंनी घड्याळ काढायला सांगितलं, तर बाराही आकडे त्यानं उजव्या अर्ध्यात कोंबले. पुतण्यानं तो कागद घडी घालून खिशात ठेवला, पुरावा म्हणून. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

मी एक पळवाट काढली. साधं कापड दुहेरी घडी घालून कापतात. उजवा पल्ला, म्हणजे शर्टाचा पुढचा उजवा भाग, कापला की खालचा डावा आपोआप निघतो. घडी मी घालायची, कापड त्याच्या उजव्या हाताकडे सरकवायचं, की दादाची कात्री पहिल्यासारखी चालायची. चौकड्याचं कापड मात्र उलगडून, एकेक पल्ला वेगळा कापावा लागतो, तेव्हा कुठे छातीवर रेघेला रेघ मिळते. असं कापड घेऊन कोणी आलं की मी "सध्या घेत नाही" म्हणून वाटेला लावायची.

पुतण्या काही दुधखुळा नव्हता. एका सकाळी त्यानं नेमकं चौकड्याचंच कापड टेबलावर आपटलं.

"माझा शर्ट. बाबांनी एकट्यानं कापायचा. जमला तर दुकान चालू द्या. नाही जमला तर शटर खाली, आणि मग मला कोणी बोलायचं नाही."

दादानं कापड उलगडलं, खडू घेतला. पाठ कापली, उजवा पल्ला कापला, उजवी बाही कापली, कात्री ठेवली आणि ऐटीत म्हणाला, "झालं." डावीकडे कापड जसंच्या तसं पडलं होतं. मी तेव्हाच बोलायला हवं होतं. नाही बोलले. "छान झालं," म्हणाले, बालवाडीतल्या पोराला म्हणतात तसं. दुपारी तो झोपल्यावर डावा पल्ला आणि डावी बाही मी कापली. शिलाईही मीच मारली.

चौथ्या दिवशी पुतण्या शर्ट घालून आरशासमोर वळून वळून बघत होता. "बरा आलाय," त्यानं नाइलाजानं कबूल केलं. "राहू दे दुकान." मला तर त्याला वाकुल्या दाखवाव्याशा वाटत होत्या.

"इकडे ये," दादा म्हणाला. बटणपट्टीशी वाकून त्यानं अंगठा आडवा फिरवला. आदल्या दिवशी काय जेवला ते त्याला आठवत नव्हतं. "ही रेघ सूतभर खाली आहे. हा पल्ला माझा नाही. कोणी कापला?"

पुतण्या माझ्याकडे बघायला लागला.

"मी," मी म्हणाले. "तुझा राहिला होता."

"मग तेव्हाच का नाही बोललीस?" त्यानं टेबलावर मूठ आपटली. "हा मला बिनकामाचा समजतो, पण तोंडावर सांगतो. तू मात्र माझ्या पाठीमागे कापतेस! चूक दाखवलीच नाहीस तर हे डोकं शिकणार कसं?"

चार महिने मी पुतण्याच्या नावानं बोटं मोडत होते. दादाला मोडीत तर मीच काढलं होतं, वर मायेच्या नावाखाली. स्वतःचा इतका संताप मला कधी आला नव्हता.

"कपाटात चौकड्याचं जुनं कापड पडलंय, ते काढ," तो मला म्हणाला. "आणि तू बस रे."

"बाबा, मला कामावर—"

"बस म्हटलं ना!"

त्यानं कापड उलगडलं. सावकाश, खडूची रेघ दोनदा पुसून, पाठ कापली, उजवा पल्ला कापला. कात्री खाली ठेवली.

"झालं."

खरं बोलले तर पुतण्याच्या शर्तीनं दुकान गेलं.

"नाही झालं!" मी किंचाळले. "डावा राहिलाय, दादा! मान वळव! अजून! अजून वळव!"

तो दातओठ खात वळत राहिला. मानेच्या शिरा ताठ झाल्या. आणि मग त्याला ते कापड दिसलं.

"आहे की इथे," तो म्हणाला. मला एक सणसणीत शिवी हासडली आणि डाव्या पल्ल्यावर खडू टेकवला.