सेटमधलं नाव वाचायचं, काढायचं नाही

मित्रांनो, दुपारचा प्रसंग अजून डोक्यातून जात नाही.

औरंगपुऱ्यात आम्ही काही जण रक्तदात्यांचा गट चालवतो. दात्यांची नावं मी लिहिलेल्या छोट्या पायथन प्रोग्राममध्ये आहेत, प्रत्येक रक्तगटाचा वेगळा सेट, म्हणजे क्रम नसलेला नावांचा संच. दुपारी क्रांती चौकाजवळच्या दवाखान्यातून फोन आला. एका बाळंतिणीला तातडीनं ओ निगेटिव्ह रक्त हवं होतं. आमच्याकडं त्या रक्तगटाचा एकच दाता, आणि सेट रिकामा दिसत होता.

गटातली सुमेधाताई शांतपणे शेजारी येऊन बसली. "सकाळी तपासताना नाव कसं वाचलं होतं?"

"पॉप वापरून."

"मग ते वाचलं आन सेटमधून गेलंबी. सेटमध्ये पहिलं-दुसरं असं काही नसतं, म्हणून लोक पॉप करतात. आपल्याला नुसतं बघायचंय."

तिनं वहीतल्या नोंदीवरून ते नाव पुन्हा भरलं, पॉपच्या जागी नेक्स्ट आणि इटर लिहिलं. नाव आलं, सेटमध्येही राहिलं. दाता लगेच निघाला. आई आणि बाळ दोघं सुखरूप आहेत.

मी ताईचं कौतुक करायला गेलो, तर ती म्हणाली, "ते राहू दे. एकाच माणसावर किती दिवस भागवायचं?"

म्हणून विचारतो, तुमच्यात कोणी ओ निगेटिव्ह आहे का?