खरडच्या सुताराचे हात

चंडीगडमध्ये दूरचित्रवाणीच्या वृत्तविभागाची जबाबदारी माझ्याकडे होती ती पंजाबातल्या दहशतीच्या वर्षांत. सेक्टर १७मधल्या कार्यालयात येणाऱ्या मृतांच्या याद्या मी संध्या आटोपल्यावरच वाचीत असे. आधी वाचल्या तर मंत्रात मन राहत नसे.

चंडीगडजवळच्या खरड गावचा एक सुतार बोलायला तयार झाला. त्याच्या थोरल्या भावाला काही माणसे जीपमधून घेऊन गेली होती. ती खरोखर पोलिसांची होती की नुसती वर्दी चढवून आलेली, हे त्याला उमगले नव्हते. आमच्या शोधवृत्ताला साक्षीदार तेवढा एकच. त्याची अटही एकच: "बाऊजी, चेहरा नहीं आणा चाहिदा."

चेहरा दिसणार नाही, असा मी शब्द दिला. मग पडद्यावर दाखवायचे काय, असे आमच्या नागपूरच्या कॅमेरामनने विचारले. देवळात आपली दृष्टी आधी चरणांकडे जाते, मुखाकडे नंतर. त्याच संस्कारातून मी म्हणालो, "हात घ्या. रंधा धरलेले हात पुरेसे बोलतील."

"पंडितजी, बातमी आहे ही, काकडआरती नव्हे," तो हसला. पण चित्रण त्याने मन लावून केले.

आम्ही आवाज बदलला, नाव गाळले. त्याच्या उजव्या हाताची तर्जनी पेरापासून तुटलेली होती. मला ती कष्टांची खूण वाटली आणि संकलनात ते दृश्य मी आग्रहाने लांबवले. खरडमधल्या कितीतरी घरांची दारे याच हाताने बसवली होती, हा विचार माझ्या मनाला शिवला नाही.

प्रसारणानंतर चौथ्या दिवशी त्याची पत्नी आली.

"उंगली देखते ही सब पहचान गए, जी." आवाजात राग नव्हता.

त्यालाही नेले होते. घरातला त्याचा एकमेव फोटोही त्या माणसांनी नेला होता, आणि तक्रार लिहून घेणारे फोटो मागत होते. "आपकी टेप में मुँह तो होगा?"

मी तिला संकलनकक्षात बसवले आणि न कापलेली सगळी टेप लावली. हात, रंधा, सालपटांची वेटोळी, पुन्हा हात. कॅमेरामन भिंतीकडे तोंड करून उभा होता. दिलेला शब्द आम्ही काटेकोरपणे पाळला होता.

टेप संपली.

"एक बार और, जी," ती म्हणाली. "शायद कहीं मुड़ा हो."

मी टेप पुन्हा सुरुवातीला नेली.